गाण्यांचे खेळ आणि शिक्षकांची देवघेव

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगार कायद्यांवर बोलावयास सांगितले असते, तर आम्ही तासभर सहज बोललो असतो. पण या खेपेस आम्हीच हट्ट धरला, की आम्हांस लहान मुलांच्या गाण्यांच्या खेळांवर बोलू द्या. चालक हसले. तीस वर्षे गेटसभा घेतलेल्या आणि शाळेत नववीच्या पुढे न गेलेल्या माणसाचा संगीताशी काय संबंध, असे त्यांच्या मनात आले असावे. संबंध आला तो आमच्या पुतणीमुळे.

ती जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकविते. गेल्या वर्षी आम्ही तिच्याकडे मुक्कामास असताना रात्रीची भांडी आटोपून ती मोबाईल घेऊन आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, हे बघा. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आलंय." दुसऱ्या कोणा जिल्ह्यातील एका शिक्षिकेने आपल्या वर्गाकडून टाळ्यांचा एक गाण्याचा खेळ बसवून घेतला होता. मुले इतकी रंगली होती, की आम्ही दोघांनी तो व्हिडिओ चारदा पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्हीही तिच्यासोबत शाळेत गेलो. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर तिने तो मुलांना दाखविला. मुलांनी शांतपणे पाहिला. संपल्यावर "बाई, पुन्हा लावा" म्हणाली. पुन्हा लावला. गायले कोणीच नाही. परत येताना पुतणी गप्प होती. तिचे नेमके काय चुकले, हे तेव्हा आम्हांसही सांगता आले नाही. पुढे सवयीप्रमाणे सार्वजनिक वाचनालयात जाऊन आणि ठाऊक असलेल्यांना विचारून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम एक कायद्याची गोष्ट, कारण ती आमच्या हद्दीतील आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असलेल्या शाळेत, आणि तीही अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. म्हणजे खेड्यातील सात वर्षांच्या मुलाचा संगीतशिक्षक कोण, तर जी बाई त्याला बेरीज शिकविते तीच. तिला कोणी गाणे शिकविलेले नसते. दुसऱ्या शिक्षिकेने पाठविलेली ती तीन मिनिटांची फीत हेच तिचे संगीत विद्यालय. म्हणून या व्हिडिओंची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

आता गाण्याचा खेळ म्हणजे काय ते पाहू. आपला भोंडला घ्या. पाटावर हत्ती काढलेला, त्याभोवती मुलींचा फेर. फेरातले पाऊल हाच ताल. तो वेगळा शिकवावा लागत नाही. पुष्कळ गाणी अशी, की प्रत्येक कडव्यात एक वस्तू वाढते आणि मागचे सगळे पुन्हा म्हणावे लागते. स्मरणशक्तीची याहून चांगली तालीम आम्हांस ठाऊक नाही. शेवटी खिरापत ओळखण्याची ओढ, म्हणून कोणी मध्येच सोडून जात नाही. (त्यातील सासुरवासाची गाणी पहिलीच्या मुलींकडून म्हणवून घ्यावीत काय, हा प्रश्न वेगळा आहे. आम्ही तरी निवडून घेऊ.) गोफ पाहा: टांगलेल्या पट्ट्या हाती धरून विणायच्या आणि मग उलट्या पावलांनी उलगडायच्या. एकाचे पाऊल चुकले की सगळ्यांची वेणी बिघडते. ज्याने कधी संघटना बांधली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या खेळांचा आणखी एक गुण आहे. मधला मुलगा डोळे झाकून बसतो, फेर थांबतो, त्याच्या पाठीमागचे एक मूल एकच ओळ गाते आणि आवाजावरून नाव ओळखायचे. अशा खेळात वर्गातील प्रत्येक मूल एकदा एकटे गाते आणि त्याला ती परीक्षा वाटत नाही. कोणाचा सूर लागतो, कोण घाबरते, कोणाला ऐकूच कमी येते, हे बाईंना अर्ध्या तासात कळते. वर्गात चाळीस मुले असली तर तीच ओळ चाळीसदा होते आणि कोणी कंटाळत नाही.

हे सगळे जगात कोणी पद्धतशीर केले असेल तर हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी. पण त्यांच्या आधी इंग्लंडला जावे लागेल. 1841 साली हल येथे रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना गाणे शिकविण्याचा सोपा मार्ग शोधण्याचे काम तिने जॉन कर्वेन या तरुण पाद्र्यावर सोपविले. गंमत अशी, की कर्वेन यांना स्वतःला स्वरलिपी धड वाचता येत नव्हती! त्यांना नॉरिच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेचे पुस्तक मिळाले. पाच रेघांची लिपी बाजूला ठेवून ती मुलांना अक्षरांनी स्वर शिकवीत असे. कर्वेन यांनी त्यावरून 'टॉनिक सोल-फा' पद्धत उभी केली, तिचे मासिक चालविले, आणि 1870 मध्ये प्रत्येक स्वराला हाताची एक खूण दिली: मूठ वळली की 'डो', तळवा आडवा खाली केला की 'मी'. ती लिपी साध्या खिळ्यांनी छापता येई, म्हणून स्वस्त. कारखान्यांतील मजुरांची गायनमंडळे तिच्यावरच उभी राहिली. मात्र ग्लोव्हरबाईंच्या पद्धतीत कर्वेन यांनी जे फेरफार केले ते बाईंना पसंत नव्हते. आजही एकीने बसविलेला खेळ तिचे नाव कापून गावोगाव फिरतो, तेव्हा आम्हांस त्या बाईंची आठवण होते.

कोदाय आणि त्यांचे मित्र बेला बार्तोक हे 1905-06 पासून हंगेरीच्या खेड्यांत फोनोग्राफ घेऊन हिंडले. शेतकऱ्यांची गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. तो त्या काळचा मोबाईलच म्हणा. पुढे लोकगीतांचा महाकोश निघाला, आणि 1951 साली प्रसिद्ध झालेला त्याचा पहिला खंड लग्नाच्या किंवा युद्धाच्या गाण्यांचा नव्हता. तो मुलांच्या खेळगाण्यांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी कोदाय यांच्या जन्मगावी, केच्केमेट येथे, रोज गायन असलेली पहिली प्राथमिक शाळा निघाली होती. पण नळकांडे वर्गात नेऊन मुलांपुढे वाजवीत बसणे हा काही त्यांचा मार्ग नव्हे. यंत्रावरून गाणे कागदावर आले, कागदावरून शिक्षकाच्या गळ्यात, आणि मुलांना मिळाले ते शिक्षकाच्या गळ्यातून. कर्वेन यांच्या हाताच्या खुणाही थोड्या बदलून कोदाय यांच्या अनुयायांनी घेतल्या.

आपल्याकडे हे परके वाटण्याचे कारण नाही. त्यांचा 'डो' सरकता आहे, म्हणजे गाणाऱ्याला सोसेल तेथे धरावयाचा. आपला षड्ज तसाच असतो. त्यांची मुले आरंभी ज्या दोन स्वरांवर गातात ते आपले पंचम आणि गंधार होत. एखादे मूल गल्लीतून मित्राला लांबट हाक मारते, ती पुष्कळदा याच अंतराने खाली येते, ऐकून पाहावे. मग धैवत, मग षड्ज-रिषभ, असे करीत पाच स्वर होतात: सा, रे, ग, प, ध. जाणत्या श्रोत्यांनी ओळखले असेलच, ही भूपाची सामग्री आहे. सहा-सात वर्षांच्या गळ्याला एवढी जागा पुरते. चित्रपटातील गाणे त्याच गळ्यावर लादले, की मूल वरच्या सुराला ओरडते आणि खालच्याला पुटपुटते.

आता पुन्हा त्या व्हिडिओकडे वळू. त्यानंतर पुतणीने आम्हांस असे बरेच दाखविले. त्यांत एक गोष्ट आमच्या लक्षात आली: मोबाईल समोर धरला की फेर मोडतो. मुले एकमेकांकडे पाहावयाची सोडून मोबाईलकडे पाहतात, रिंगणाची रांग होते, आणि धिटुकली मुले पुढे येऊन लाजरी मागे जातात. त्यावर बाहेरून वाद्यांचे संगीत चढविले, की मुलांचा आवाजही गेला. आमच्या एका गेटसभेत लाउडस्पीकर बंद पडला होता, त्या दिवशी जी घोषणा उठली ती लाउडस्पीकर चालू असताना कधी उठली नव्हती. लोक ऐकण्याचे थांबून म्हणू लागले होते.

शिक्षकाने शिक्षकासाठी काढलेला व्हिडिओ निराळा असतो. तो बाकावर उभे राहून, पूर्ण फेर दिसेल असा घ्यावा. गाणे आधी नुसते बोलून दाखवावे, मग सावकाश. कोणते पाऊल आधी, डाव कसा बदलतो, कोणत्या सुरापासून उचलले, हे सांगावे. एखादी चूक झाली तर कापू नये, कारण पाहणाऱ्या बाईंना तीच उपयोगी पडते. मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीवाचून गावभर पाठवू नयेत. याहून उत्तम म्हणजे शिक्षकांनीच फेर धरून स्वतःचे चित्रण करावे. आणि हा व्हिडिओ वर्गात लावावयाचा नाही. बाईंनी तो घरी पाहावा, तोंडपाठ करावा आणि मोबाईल कपाटात ठेवून रिंगणात शिरावे.

येथे कोणी म्हणेल, की त्यांना वेळ कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरे अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी माहितीचे तक्ते भरण्यात त्यांची संध्याकाळ जाते. रात्री भांडी घासून शिकलेली कला ही बिनपगारी कामगिरी आहे, आणि ती हौसेच्या नावावर खपविली जाते. आमचे म्हणणे एवढेच, की केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास या देवघेवीला द्यावा. भाषण नको. एकीने एक खेळ आणावा, बाकीच्यांनी तो तेथेच खेळावा.

पुतणीने आपल्या केंद्रप्रमुखांना हे सांगितले. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण दिला अर्धा तास. चोवीस शिक्षक, त्यांत निवृत्तीला आलेले तीन गुरुजी, ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात फेर धरून उभे राहिले. तोच टाळ्यांचा खेळ होता. तिने आम्हांस नंतर फोन केला. म्हणाली, "काका, गाणं दहा मिनिटांत बसलं सगळ्यांना. आणि आज वर्गात घेतलं तर पोरं मधली सुट्टी झाली तरी सोडेनात. गुरुजींचे गुडघे तेवढे दोन दिवस धरले होते."