जीव जातो तो सावरताना

नागपूरच्या वायुसेनानगरात एअर फेस्ट झाला की पुढचे आठ दिवस हुडकेश्वर रोडवरच्या चहाटपरीवर सगळेच वैमानिक असतात. वायुसेनेच्या सूर्यकिरण या कसरत-पथकाची विमानं अजून डोळ्यांसमोरून हललेली नसतात, तेवढ्यात सोनेगाव विमानतळाकडून एखादं छोटं सेसना भुर्रर्र करत येतं आणि कोणीतरी म्हणतंच, "हे काऊन नाही मारत बे गुलांटी? विमान ते विमान!"

गैरसमजाची सुरुवात इथूनच. सूर्यकिरणचं हॉक हे लढाऊ वैमानिक घडवणारं जेट. ते ८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठपट भार झेलतं. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये शिकाऊ मुलं ज्यावर हात बसवतात त्या सेसना १५२ची मर्यादा ४.४ जी. ७५७ किलोच्या त्या जिवाला तेवढा भार म्हणजे सव्वातीन टनांच्या वर. उलट्या दिशेनं तर फक्त १.७६. याच सेसनाचं 'एरोबॅट' नावाचं भावंड आहे, मजबूत बांध्याचं, ६ जी सोसणारं, संकटात दारं झटक्यात निखळणारं. टपरीवरून बघाल तर दोन्ही सारखीच दिसतील.

"रोल नीट मारला तर विमानाला कळतसुद्धा नाही," हा दावा जरा शिकल्या-सवरलेल्यांचा. रोल म्हणजे नाक पुढेच ठेवून स्वतःभोवती पूर्ण गिरकी. गोची अशी की तो खरा आहे. बॉब हूव्हर हे अमेरिकी वैमानिक श्राइक कमांडर या साध्या प्रवासी विमानात रोल मारता मारता ग्लासात आइस टी ओतत, थेंब न सांडता. पण ते दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक, पुढे चाचणी वैमानिक. तो व्हिडिओ बघून कोणी निघालाच, तर काय होतं?

विमान पाठीवर येतं आणि माणूस पट्ट्यात लोंबकळतो. फरशीवरची धूळ डोळ्यांत जाते, सीटखाली कधीतरी हरवलेलं पेन छतावर आपटतं. पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन केवळ गुरुत्वाकर्षणानं इंजिनापर्यंत येत असतं. उलटं राहिलं की इंजिन आचके देऊ लागतं. हात थबकतो, रोल अर्धा राहतो आणि नाक जमिनीकडे वळतं. वेगाचा काटा हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, तिथून लाल रेघेकडे सरकतो. कधीच न ओलांडायच्या वेगाची ही रेघ सेसना १५२मध्ये १४९ नॉट्सवर, म्हणजे ताशी २७६ किलोमीटरवर असते. आता तो घाबरून कंट्रोल पोटाशी ओढतो. वेग १०४ नॉट्सच्या आत असता, तर पूर्ण वजनाच्या विमानाचे पंख मर्यादा ओलांडण्याआधीच स्टॉल झाले असते, म्हणजे त्यांची उचल सुटली असती, आणि सांगाडा वाचला असता. पण पंखांची भार निर्माण करण्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लाल रेघेपाशी तेच पंख साधारण ९ जी काढू शकतात. सांगाडा ४.४चा. ओढावं तर पंख जातात, न ओढावं तर जमीन येते.

"पण दीडपट मजबुती राखून ठेवतात ना?" ठेवतात. ४.४च्या दीडपट म्हणजे ६.६. मात्र हा हिशेब 'तुटणार नाही' एवढाच आहे, 'वाकणार नाही' असा नाही. मर्यादेच्या पुढे धातू कायमचा वाकू शकतो, रिव्हेट ढिले पडू शकतात आणि विमान मात्र मुकाट उतरतं. गुलांटी मारणारा फुशारकी मिरवत घरी जातो. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात एखादी एकोणीस वर्षांची पोरगी एकटीच पहिल्या उड्डाणाला बसते. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

सेसना १५२ला स्पिनची, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली येण्याची परवानगी आहे, मग लूपला, म्हणजे हवेतल्या उभ्या वर्तुळाला का नाही, हाही प्रश्न येतो. स्पिन भयंकर दिसतो, पण तो कमी वेगात होतो आणि पंखांवर भार फारसा येत नाही. दिसणं आणि सोसणं वेगळं.

राहिला अनुभव. २४ जून १९९४, अमेरिकेतला फेअरचाइल्ड हवाई तळ. पाच हजारांहून जास्त तास उडलेले बड हॉलंड एअर शोच्या सरावात बी-५२ हे अजस्र बॉम्बफेकी विमान जमिनीलगत इतकं कलंडवत होते की ते पार आडवं होऊन कोसळलं. चौघे गेले. त्यांच्या बेफिकिरीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. आपल्या माणसांना त्यांच्यासोबत पाठवायचं नाही म्हणून स्क्वॉड्रनप्रमुख मार्क मॅकगीहन स्वतः शेजारी बसत. त्या दिवशीही बसले होते.

आणि कसरतीचंच विमान घेतलं म्हणून निर्धास्त होता येतं असंही नाही. २३ जून १९८० रोजी दिल्लीत संजय गांधी ज्यात गेले ते पिट्स एस-२ए खास कसरतींसाठीच बांधलेलं होतं. कमी पडली ती उंची.

तेव्हा कधी छोट्या विमानातून फेरी मारायला गेलात, तर वैमानिकाला "एक गुलांटी होऊन जाऊ द्या" म्हणू नका. आणि त्यानंच ती सुचवली, तर दार उघडून खाली उतरा. विमान जमिनीवर आहे तोवरच ते जमतं.