माल एक नंबर आहे, पण ग्राहकाला हाताळता येतो का?



"सर, माझा माल बाजारात सगळ्यात चांगला आहे, तरी उठत नाही." ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. आज त्याचं उत्तर एका वेगळ्याच मालाच्या गोष्टीतून बघू. हा माल गुणवत्तेत पहिल्या दिवसापासून भारी होता, पण कात्रीने कापून पाइपला गुंडाळता येईल अशा रूपात बाजारात यायला त्याला जवळपास 70 वर्षं लागली. त्याचं नाव एरोजेल.

एरोजेल म्हणजे काय?

जेली उन्हात वाळवली की आक्रसते, बरोबर? 1931 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल किस्लर यांनी जेलमधला द्रव दाबाखाली तापवून असा काढला, की आतला सांगाडा जसाच्या तसा उभा राहिला. वाळूत असते त्याच सिलिकाचा हा सांगाडा, आणि बाकी 95 टक्क्यांहून जास्त नुसती हवा. आतली छिद्रं इतकी बारीक की हवेला हलायलाच जागा नाही, त्यामुळे उष्णता सहज पलीकडे जात नाही.

मग अडचण काय? ठिसूळपणा! बोटाने जरा जोरात दाबलं की पापडासारखा चुरा. 1940 च्या दशकात मोन्सँटो कंपनीने 'सँटोसेल' नावाने एरोजेल विकलं, पण तेही भुकटीच्या रूपात.

नासाच्या स्टारडस्ट यानात एरोजेलचे ठोकळे धातूच्या चौकटीत बसवले होते. 1999 ला गेलेल्या या यानाची कुपी 2006 मध्ये धूमकेतूची धूळ घेऊन सुखरूप परत आली. तिथे एरोजेलला फुलासारखं जपणारी माणसं होती. पण कारखान्यात पाइपवर चढून काम करणारा फिटर असं कुठवर जपणार?

ठिसूळपणावर काढलेले तीन मार्ग

1. आधार द्या. पीओपीच्या कामात काथ्या का घालतात? भेग पडली तरी ती धाग्यापाशी अडते आणि तुकडा पडत नाही. हेच तत्त्व इथे वापरलं. 1990 च्या दशकात नासाच्या केनेडी स्पेस सेंटरला अतिथंड इंधनाच्या टाक्या आणि नळ्यांसाठी लवचिक आवरण हवं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅस्पेन सिस्टिम्सने त्यांच्यासोबत काम केलं. तंतूंच्या गादीत पातळ द्रव मुरवायचा, तो तिथेच गोठू द्यायचा आणि मग गादीसकट वाळवायचा. तयार झाली गुंडाळता येणारी चादर! ती विकायला 2001 मध्ये अ‍ॅस्पेन एरोजेल्स ही वेगळी कंपनी निघाली.

2. सांगाडाच मजबूत करा. नासाच्या ग्लेन केंद्रात निकोलस लेव्हेंटिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकाच्या कणांवर पॉलिमरचा पातळ थर चढवला. 2002 मध्ये त्यांनी दाखवलं, की वजन साधारण तिप्पट होतं, पण तोडायला लागणारा जोर शंभरपटीहून जास्त वाढतो. म्हणजे थोडा हलकेपणा दिला आणि भरपूर ताकद घेतली. धंद्यात यालाच आपण चांगला सौदा म्हणतो!

3. तुटतंय ना? मग तुटलेलंच विका. कॅबट कंपनी एरोजेलचे दाणेच विकते. छतावरच्या पोकळ पॉलिकार्बोनेट शीटमध्ये ते भरले की उजेड आत येतो आणि उष्णता अडते. उणीव लपवायची गरजच उरली नाही, कारण उपयोगच असा शोधला जिथे अखंड ठोकळा लागत नाही.

अजून सगळं सुटलेलं नाही

चादरीतून पांढरी धूळ झडते आणि हात कोरडे पडतात, म्हणून काम करताना हातमोजे आणि मास्क लागतात. किंमतही ग्लासवूलपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ही चादर विकली जाते कुठे? जिथे जागा महाग आहे तिथे. ग्लासवूलच्या साधारण निम्म्या जाडीत ती तेच काम करते. रिफायनरीचे पाइप आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीतल्या सेलमधली फट, ही तिची गिऱ्हाइकं.

आता कोणी विचारेल, "सर, आपण एरोजेल बनवायचं का?" छोट्या भांडवलावर नको. वाळवायला सहसा मोठ्या दाबाची यंत्रणा लागते, तिचा खर्च आणि जोखीम दोन्ही मोठे. पण तयार चादर मापात कापणं, व्हॉल्व्हवर बसतील अशी जॅकेट शिवणं, साइटवर बसवून देणं ही कामं माणसांनाच करावी लागतात. इन्सुलेशनच्या लाइनमध्ये असाल तर ही बाजू नक्की अभ्यासा.

आजचा गृहपाठ

वहीत तीन प्रश्न लिहा:

- माझा माल ग्राहक उचलतो, कापतो, उघडतो, बसवतो, यात तो नेमका कुठे अडतो?
- ती अडचण आधार देऊन सुटेल, मालात बदल करून सुटेल, की वेगळा ग्राहक शोधून?
- त्यासाठी वजन, किंमत, दिसणं यातलं काय थोडं सोडायची माझी तयारी आहे?

उत्तरं दुकानात बसून लिहू नका. आपला माल वापरणाऱ्या एका माणसाच्या बाजूला अर्धा तास उभे राहा आणि फक्त त्याच्या हातांकडे बघा. एरोजेलची उष्णता अडवायची ताकद 1931 पासून होतीच. धंदा वाढला तो फिटरच्या हाताचा विचार झाल्यावर.

भेटू पुढच्या भागात. धंदा करत राहा, शिकत राहा!