पिकअपचे कंपनी-फिटेड टायर बर्फात चालतात का?

अमेरिका-कॅनडात नवे पिकअप ट्रक बहुधा ऑल-सीझन किंवा ऑल-टेरेन टायरांवर शोरूमबाहेर पडतात.

• ‘एम+एस’ (चिखल व बर्फ): नक्षीच्या रचनेवरून मिळणारी खूण. बर्फावरची चाचणी सक्तीची नाही.

• तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण: १९९९पासूनची खूण. दाबलेल्या बर्फावर पकड मोजूनच मिळते. पण चाचणी गाडी पुढे खेचण्याची. ब्रेकची नाही, गोठून काच झालेल्या रस्त्याची तर नाहीच. काही ऑल-टेरेन टायरांवरही ती असते.

• ७ अंश सेल्सिअस: साधारण याखाली ऑल-सीझनचं रबर कडक होऊ लागतं, विंटर टायरचं लवचिक राहतं.

• फोर-व्हील ड्राइव्ह: निघायला मदत, थांबायला नाही.

• रिकामा हौदा: मागच्या चाकांवर वजन कमी, पकडही कमी.

• कॅनडाचा क्युबेक प्रांत: १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, तिथं नोंदलेल्या हलक्या पिकअपनाही.