शौचकूपाचे भांडे बदलताना

घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले, की खाली बसून उठणे हे त्यांच्या दिवसातील पहिले संकट होऊन बसते. संकोचामुळे ती माणसे बोलत नाहीत; पाणी मात्र कमी पिऊ लागतात, आणि एखादे दिवशी ओल्या फरशीवर घसरतात. मग जुने देशी भांडे काढून कमोड बसविण्याचे घाटते. दुकानात प्रथम पाहिली जाते ती भांड्याची चकाकी. पाहावयाचे असते ते तिच्याआड दडलेले.

भांड्याच्या तळाशी नेहमी थोडे पाणी साचलेले असते. गटारातील दुर्गंधीला व किड्यांना घरात येण्यापासून अडविणारा पहारेकरी तो हाच. नळी वाकवून तीत पाणी अडकविण्याची ही युक्ती लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांच्या १७७५ सालच्या पेटंटात आढळते. या वाकणाला ट्रॅप म्हणतात. त्यातील पाण्याचा अडसर साधारणतः ५० मिलिमीटर खोल असावा.

देशी भांड्याचा ट्रॅप बहुधा फरशीखाली निराळा बसविलेला असतो. कमोडचा त्याच्या अंगातच असतो. जुना ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड चढविला, तर एकाच वाटेवर दोन वाकणे होतात, मध्ये हवा कोंडते आणि भांडे वारंवार तुंबते. जुना ट्रॅप काढावयाचा तर फरशी फोडावी लागते, म्हणून कारागीर ते काम टाळू पाहतो. त्याला ते टाळू देऊ नये. फोडलेल्या जागी पाणी न झिरपणारा थर मात्र पुन्हा द्यावा. नाहीतर खालच्या मजल्याचे छत ओलावते.

खरेदीपूर्वी माप घ्यावे. निचऱ्याचे तोंड जमिनीत असेल, तर भिंतीच्या टाइलपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर. भिंतीत असेल, तर जमिनीपासूनची त्याची उंची. दुखऱ्या गुडघ्यांना किंचित उंच बैठक सोयीची पडते, आणि शेजारी भक्कम भिंतीत आधाराचा दांडा हवाच.

भांडे सिमेंटमध्ये पुरू नये. स्क्रूने आवळून कडा सीलंटने बुजवाव्या, म्हणजे पुढे ते न फुटता निघते. सीलंट वाळल्यावर बादलीभर पाणी एकदम ओतावे आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. कागद कोरडा राहिला, तरच मजुरी चुकती करावी. मग मध्यरात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोणाला हाक मारावी लागत नाही. या साऱ्या खटाटोपाचे सार्थक त्यातच आहे.