रोम : बायकांच्या देवळांचं शहर

इ.स. 1300 मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी ख्रिस्तसभेतलं पहिलं ज्युबिली वर्ष जाहीर केलं आणि युरोपभरातून माणसांचे लोंढे रोमकडे निघाले. कयाधूकाठच्या नर्सीचे नामदेव तेव्हा तीस वर्षांचे होते. पुढचं ज्युबिली 1350 चं, आणि नामदेवांच्या समाधीचं सालही तेच मानतात. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मलाही कळतं. पण हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या कॅथलिक बाईच्या डोक्यात त्या शेजारीशेजारीच बसतात. आषाढात दारावरून दिंड्या जाताना बघितल्या, त्यांना पाणी दिलं, आणि घरी रात्री जपमाळ म्हटली. यात्रेला जायचं म्हणजे चालायचं आणि सगळ्यांनी मिळून जायचं, एवढं लहानपणीच पक्कं झालं होतं. एकट्या बाईनं यात्रेला निघावं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे कॅथलिक घरं थोडी. औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली झाला. आमच्यासारख्या विखुरलेल्या घरांसाठी मिस्सा म्हणजे फादर येतील तेव्हा. त्यामुळे रोम आम्हाला ठाऊक होतं ते भिंतीवरच्या पोपमहाशयांच्या कॅलेंडरातून. वसईकरांचं तसं नाही. त्यांच्या गावचा गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला आणि 8 जून 1862 रोजी रोममध्येच त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. वसईकरांना रोम आजोळासारखं वाटलं तर नवल नाही. मराठवाड्यातल्या मुलींना ते जवळ आलं अलीकडे, नर्सिंगमुळे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा तालुक्यांपर्यंत पोचली. मीही जर्मनीत नर्स आहे. हिंगोलीहून शनिवार-रविवारसाठी रोमला कुणी जाणार नाही. श्टुटगार्टहून मात्र विमान दीडएक तासात पोचवतं, आणि जर्मनीच्या निवास परवान्यावर शेंगेनमधल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही सोबत हवीत.

जी थेट भारतातून निघणार असेल तिच्यासाठी थोडक्यात सांगते. इटलीचा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. मोठ्या माणसासाठी त्याची फी 2024 पासून 90 युरो आहे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नये. 30 हजार युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतंच. बाकी कागदपत्रं एजंट सांगतोच, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

आता खरा प्रश्न. एकट्या बाईनं उतरायचं कुठं? याचं उत्तर रोमनं फार पूर्वी देऊन ठेवलंय. इथले कितीतरी मठ पाहुण्यांना खोल्या देतात. खोली साधी, पलंगावर क्रूस, सकाळी पाव, लोणी-जाम आणि कॉफी. रात्री साडेदहा-अकराला दार बंद. हॉटेलवाल्या मैत्रिणींना हा नियम जाच वाटतो. मला तीच सोय वाटते. दाराशी एक सिस्टर बसलेली असते आणि आपण परतलो की नाही हे तिला माहीत असतं.

यातलं एक घर मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पियाझ्झा फार्नेझे या चौकात संत ब्रिजिटचं घर आहे. आज तिथं तिच्याच संघाच्या भगिनी राहतात आणि पाहुण्यांची सोय करतात. ब्रिजिट स्वीडनची, 1303 चा जन्म, आठ मुलांची आई. 1344 मध्ये नवरा गेला. 1350 च्या ज्युबिलीसाठी म्हणून ती आदल्या वर्षी रोमला निघाली. युरोपात तेव्हा प्लेगनं गावंच्या गावं ओस पडत होती, आणि पोप तर रोममध्ये नव्हतेच, फ्रान्समध्ये आविन्यों इथं राहत होते. बाई आली ती इथलीच झाली. पोपना ‘परत या’ म्हणून पत्रं लिहीत राहिली आणि 23 जुलै 1373 रोजी याच घरात वारली. 1999 साली, म्हणजे परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, तिला युरोपच्या आश्रयदात्या संतांमध्ये स्थान मिळालं.

तिचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं तेही एका बाईनंच. सिएनाची कॅथरिन 1376 मध्ये स्वतः आविन्योंला गेली, पोप ग्रेगरी अकरावे यांच्यापुढं उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पोप रोमला परतले. रंगाऱ्याची मुलगी होती ती, पंचवीस भावंडांच्या घरातली. पँथिऑनच्या मागं सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या देवळात मुख्य वेदीखाली तिची कबर आहे. पँथिऑनपुढं तिकिटाची रांग लागलेली असते, आणि दोन मिनिटांवरच्या या देवळात फुकट जाता येतं. तरी माणसं कमीच. पँथिऑन स्वतः 609 पासून चर्चच आहे, त्यामुळे तिथं शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला गेलं तर तिकीट लागत नाही. पण मिस्सेला जायचं ते मिस्सेसाठी, तिकीट वाचवायला नव्हे. दारावरच्या माणसाला फरक कळतो.

मी मात्र सर्वांत जास्त वेळ थांबायला सांगेन ते संत आगुस्तिनच्या देवळात. पियाझ्झा नाव्होनाजवळ आहे, बाहेरून काही खास वाटत नाही. आत डाव्या बाजूला पहिल्याच कपेलात काराव्हाज्जोचं चित्र आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. उंबऱ्यात बाळाला घेऊन उभी पवित्र मरिया आणि तिच्यापुढं गुडघे टेकलेले दोन यात्रेकरू, एक बाप्या आणि एक म्हातारी. बाप्याचे तळवे आपल्याकडं वळलेले, मातीनं मळलेले, भेगाळलेले. म्हातारीच्या डोक्यावरचं फडकं फाटकं. वेदीवर असले मळके पाय काढले म्हणून त्या काळी रोममध्ये मोठी कुजबुज झाली होती. वारीच्या वाटेवरचे पाय ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्यात वावगं काय हे कळणार नाही. चित्र अंधारात असतं. रोममधल्या बऱ्याच देवळांत पेटीत नाणं टाकलं की दिवा काही वेळ लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवावीत.

याच देवळात संत मोनिकाची कबर आहे. बिघडलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडणारी आई म्हणून आम्हाला तिची गोष्ट सांगतात. गोष्टीतला दुसरा भाग फारसा सांगत नाहीत. तो मुलगा, म्हणजे आगुस्तिन, आफ्रिकेतून निघाला तो आईला चुकवून, तिला न सांगता जहाजात बसून. ती विधवा बाई मग समुद्र ओलांडून त्याच्या मागं इटलीत आली, थेट मिलानपर्यंत. परतीच्या वाटेवर 387 मध्ये ओस्तिया बंदरात वारली. मला कुठंही पुरा, एवढंच तिनं मुलांना सांगितलं होतं. एकटीनं प्रवास कसा करू म्हणणाऱ्यांनी तिच्यापुढं एक मेणबत्ती लावावी. आणि बाहेर पडताना दाराजवळ प्रसूतीच्या मरियेची संगमरवरी मूर्ती आहे, सान्सोव्हिनोनं 1521 मध्ये घडवलेली. मूर्तीभोवती नवसाच्या वस्तू दाटीनं लावलेल्या असतात. नवस फक्त आपल्याकडंच करतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कोपरा पाहावा.

रविवारी सकाळी सांता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस यांना 26 एप्रिल 2025 रोजी तिथं पुरलं. दगडावर लॅटिनमध्ये एकच शब्द, फ्रान्सिस्कुस. चार पावलांवर संत प्रासेदेचं देऊळ आहे, तिकडं मात्र कुणी फिरकत नाही. नवव्या शतकात पोप पास्काल पहिले यांनी तिथं आपल्या आईसाठी, थिओडोरासाठी, एक कपेल बांधलं. छतभर सोनेरी मोझाइक. त्यात इतर संतबायांबरोबर थिओडोराही आहे, पण तिच्या डोक्यामागचं वलय गोल नाही, चौकोनी आहे. चित्र केलं तेव्हा बाई जिवंत होती, याची ती खूण. तिच्या नावापुढं ‘एपिस्कोपा’ लिहिलंय, म्हणजे बिशप या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. यावरून अभ्यासकांत वाद आहेत. पोपची आई म्हणून मान दिला, असं बरेचजण म्हणतात.

आणि व्हॅटिकन? जायचंच. सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रवेश फुकट आहे, तपासणीची रांग मोठी असते, म्हणून सकाळी सातला दार उघडतं तेव्हाच गाठावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत हा नियम तिथं कडक आहे. साडी किंवा पंजाबी ड्रेस घातलेल्या बाईला कुणी अडवत नाही. तोकड्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका मात्र ओढण्या विकत घेताना दिसतात. पोपमहाशय रोममध्ये असले की रविवारी दुपारी बाराला खिडकीतून देवदूताची प्रार्थना म्हणतात, तिला पास लागत नाही. म्युझियम शनिवारी चालू असतं आणि महिन्याचा शेवटचा सोडला तर रविवारी बंद. दोनच दिवस हातात असतील तर मी म्युझियम सोडून देईन. सिस्टिन चॅपलमध्ये गर्दीत मान वर करून, पहारेकऱ्यांचं ‘गप्प बसा’ ऐकत काय प्रार्थना होणार?

भाषेची धास्ती नको. मिस्सा इटालियनमध्ये असली तरी क्रम तोच. कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, कुठं ‘आमेन’ म्हणायचं हे मराठी मिस्सेत शिकलेलं तिथं जसंच्या तसं चालतं. धास्ती पाकीटमारांची ठेवा. टेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडं जाणारी 64 नंबरची बस त्यासाठी प्रसिद्ध आहे, पर्स पुढं धरावी. पाणी विकत घेऊ नका, शहरभर लोखंडी नळ अखंड वाहतात आणि ते पाणी पिण्याचंच असतं. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते. तिखटाची आठवण आलीच तर पास्ता आराबियाता मागा, लाल मिरची असते, फार अपेक्षा मात्र ठेवू नका.

देवळं साधारण साडेबारा ते चार बंद असतात, तेव्हा जेवण आणि विश्रांती त्या वेळेत उरका. मठातली खोली दोन-तीन महिने आधी ईमेल करून ठरवा, एकटी येतेय हे लिहा, आणि दार किती वाजता बंद होतं ते विचारा. परतीचं विमान रविवारी रात्रीचं घेऊ नका. सोमवारी सकाळचं घेतलं की रविवारी संध्याकाळची मिस्सा घाई न करता मिळते.