आवक-जावकचा शिक्का

उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवरपासून जवळच्या एका गल्लीत एमपी ऑनलाइनचं दुकान आहे. भर दुपार. आत संगणक, झेरॉक्स मशीन आणि जागा मिळेल तिथे उभी असलेली मुलं. माझी भाची निकालाचं पान पुन्हा उघडते. नावापुढे गुण नाहीत, नुसतं ‘विथहेल्ड’. बीएस्सीचं दुसरं वर्ष. सगळे पेपर दिलेत, प्रॅक्टिकलला सही केलीय. त्या प्रॅक्टिकलचे गुण कॉलेजातून वर गेलेच नाहीत, असं तिला तोंडी कळलंय. गुणपत्रिका नाही म्हणून शिष्यवृत्तीही अडली.

“मावशी, तिथे गेलं की म्हणतात, आवेदन छोड़ जाओ, हो जाएगा.”

“मग सोडलंस ना? पावती कुठाय?”

पावती नाही. म्हणजे कागदोपत्री तिनं अजून तक्रार केलेलीच नाही.

तिनं नवा अर्ज लिहून आणलाय, पानभर. ‘आदरणीय महोदय’पासून घरच्या अडचणींपर्यंत सगळं आहे, रोल नंबर मात्र शेवटच्या ओळीत. आम्ही दुकानातल्या बाकावर बसून तो छाटतो. रोल नंबर वर येतो. मग विषय, परीक्षेची तारीख, निकालाची तारीख आणि मागणी एकच: गुण पाठवून निकाल जाहीर करा. वर लिहितो, ‘अध्यक्ष, छात्र शिकायत निवारण समिति’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी. तिनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्याची प्रत विद्यार्थ्यालाही मिळायला हवी. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालाकडे अपील, आणि लोकपालानं 30 दिवसांत निकाल द्यायचा. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. अर्थात, जून 2024 मध्ये लोकपाल न नेमणाऱ्या 157 विद्यापीठांची यादी आयोगालाच जाहीर करावी लागली होती.

छापलेला कागद हातात घेऊन भाची थबकते. “पुढच्या वर्षीही प्रॅक्टिकल त्याच सरांकडे आहे.”

या भीतीला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. समितीवर संस्थेतलेच प्राध्यापक असतात. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असतो, पण विशेष निमंत्रित म्हणून. पूर्वी अशा वेळी विद्यार्थीसंघाचं कुणीतरी सोबत यायचं. मध्य प्रदेशात त्या निवडणुका शेवटच्या झाल्या 2017 मध्ये, त्याही अप्रत्यक्ष. आणि हे उज्जैन आहे. इथल्या माधव कॉलेजात ऑगस्ट 2006 मध्ये विद्यार्थीसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या मारहाणीत प्रा. एच. एस. सभरवाल यांचा जीव गेला. खटला नागपूरला हलवला गेला आणि 2009 मध्ये सगळे आरोपी सुटले. त्या दिवसाची आठवण असणारे पालक आजही मुलांना म्हणतात, निवडणुकीच्या भानगडीत पडू नकोस. मलाही ते पटतं. पण संघ नाही म्हटल्यावर खिडकीपुढे पोर एकटंच उभं राहतं, हेही मला आत्ता दिसतंय.

“तू सरांविरुद्ध काही लिहिलेलंच नाहीस,” मी म्हणते. “गुण पाठवा, एवढंच लिहिलंयस.” ती अर्ज पुन्हा वाचते आणि सही करते. दोन प्रती, सोबत प्रवेशपत्र आणि निकालाचा प्रिंट.

ई-रिक्षानं आम्ही कॉलेजात पोचतो. आवक-जावकच्या खिडकीत बाबूजी डबा उघडून बसलेत. मी मागेच थांबते.

“छोड़ जाओ.”

“सर, दूसरी प्रति पर सील और आवक नंबर दे दीजिए.”

“साहब नहीं हैं अभी.”

“साहब नहीं, सर, सील चाहिए.”

ते तिच्याकडे पाहतात, मग डबा बाजूला सारतात. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, आखूड सही. दुसऱ्या प्रतीवर सगळं उमटलंय. भाची तिथेच मोबाइलवर फोटो काढते आणि मला पाठवते.

मागच्या रांगेतला, तराण्याहून आलेला मुलगा हे सगळं बघतोय. त्यानं 181वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. खालच्या अधिकाऱ्यानं वेळेत निपटारा केला नाही की ती आपोआप वरच्या पायरीवर जाते, एल-वनपासून एल-फोरपर्यंत. म्हणूनच त्याला रोज फोन येतोय: काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दो.

“दीदी, हाँ बोल दूँ क्या?”

“मार्कशीट मिली?”

“नहीं.”

“तो बोलो, संतुष्ट नहीं हूँ.” आणि ती त्याला शिक्क्याची प्रत दाखवते, वर कुणाचं नाव लिहायचं तेही सांगते. तो माझ्याकडे वळून कोरा कागद मागतो.