बोटे उमटत नाहीत : वैद्यांनी काय करावे?



आषाढ लागला, बांध्यांत पाणी साचले आणि रोवण्याला वेग आला, की बिरसीच्या माझ्या दवाखान्यात एक निराळीच तक्रार येऊ लागते. ताप नाही, खोकला नाही, पोटाचे दुखणे नाही. बाई दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवते आणि म्हणते, "मशीन बोट घेत नाई जी. काई मलम द्या." राशन दुकानातील यंत्रावर तिने एकेक करून बोटे टेकवलेली असतात, दुकानदाराने तिचा अंगठा धरून जोराने दाबलेला असतो, आणि तरीही यंत्राने तिला ओळखलेले नसते. पिशवी रिकामीच घेऊन ती थेट माझ्याकडे येते. तिच्या दृष्टीने बिघाड बोटात आहे, आणि बोटाचा बिघाड म्हणजे डॉक्टरचे काम.

पहिली काही वर्षे मी ही तक्रार हसण्यावारी नेली, हे आधीच मान्य करतो. ऑनलाइन सेवांविषयीची चिडचिड आपणा सर्वांच्याच वाट्याला येते. एका नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मी स्वतः तीन रात्री संगणकापुढे बसून काढल्या आहेत. वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पदवी-प्रमाणपत्रावर एक आणि आधारकार्डावर दुसरे असल्याने संकेतस्थळाच्या लेखी मी दोन वेगळ्या बापांचा मुलगा ठरलो होतो! असे किस्से आपण चहाबरोबर सांगतो आणि विसरतो. परंतु महिन्याचे धान्य अडले किंवा निराधार योजनेचे पैसे बँकमित्राच्या यंत्रापाशी अडून राहिले, तर तो किस्सा राहत नाही. शिवाय हे सारे ज्या त्वचेमुळे अडते, ती त्वचा आपल्या शास्त्राच्या कक्षेतील आहे.

ठशाची कल्पना या देशाला नवी नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटावर ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची नोंद ठेवणारे कार्यालय सुरू झाले आणि त्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. पुढे 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द आपल्या खरेदीखतांवर आणि कर्जरोख्यांवर कायमचे बसले. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याला सही येत नाही त्याच्यासाठी अंगठा, अशी ही मूळची सोय. सही न येणारा माणूस बहुधा हाताने राबणारा असतो, आणि राबणाऱ्या हातावरच ठसा टिकत नाही. या विसंगतीकडे यंत्र बसवणाऱ्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला राहून राहून वाटते.

आता यंत्र नेमके काय पाहते, ते थोडक्यात पाहू. राशन दुकानातील बहुतेक यंत्रांत काचेखालून प्रकाश टाकलेला असतो. बोटावरील उंच रेषा काचेला जेथे टेकतात तेथील प्रकाश पुरता परावर्तित होत नाही. दोन रेषांमधील खाचेपाशी मात्र तो परत फिरतो. या फरकातून ठशाचे चित्र बनते. बोट अतिरूक्ष असेल तर रेषा काचेला सलग टेकत नाहीत आणि चित्र तुटक येते. बोट ओले किंवा तेलकट असेल तर खाचा भरून जातात आणि नुसता डाग उमटतो. रेषा घासून सपाट झाल्या असतील तर टेकायला काहीच उरत नाही. बोटाला भेग पडली असेल तर यंत्राला ती नवीच रेषा वाटते.

या रेषा आपण गर्भात असतानाच ठरतात आणि त्यांचा साचा बाह्यत्वचा व आंतरत्वचा यांच्या सांध्याशी असतो. म्हणून वरचा थर झिजला तरी साचा शाबूत असेपर्यंत त्याच रेषा पुन्हा उगवतात. खोल भाजल्याने किंवा व्रणाने साचा मोडला तर मात्र त्या कायमच्या जातात. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगून त्यांची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, मापाने दिली आहे. सर्वांत वरची अवभासिनी ही दाण्याच्या अठराव्या भागाइतकी. आमच्या धानाच्या जिल्ह्यात हे माप रुग्णाला समजावून सांगावे लागत नाही. दाण्याच्या अठराव्या भागाइतक्या पापुद्र्यावर घरचे धान्य अवलंबून आहे म्हटले, की म्हाताऱ्या बायकाही हसतात.

आमच्या भागातील हेतू सर्वांना ठाऊक आहेत, तरी हाताकडे पाहून ते वेगळे ओळखता येतात. पऱ्हे खोदणाऱ्या आणि रोवणाऱ्या बाईची बोटे पाण्याने पांढरी पडून सुरकुततात. पायाला चिखल्या असतात, आणि हात सुकला की पेरांवर भेगा दिसतात. भातगिरणीतील हमालाचा पूर्ण तळहात राठ असतो. विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. भिजवलेले तेंदूपान कातरायचे, तंबाखू भरायची, वळायचे आणि टोके दुमडायची. यात सारा भार अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर पडतो. माझ्या पाहण्यात या बायकांचा अंगठा व तर्जनी बहुधा गुळगुळीत झालेली असतात, पण अनामिका आणि करंगळी पुष्कळदा चांगली असते. यंत्र चालवणारा मात्र सवयीने आधी अंगठाच मागतो. नोंदणीच्या वेळी दहाही बोटे घेतलेली असतात आणि त्यांतील कोणतेही बोट चालते. "आधी करंगळीजवळचे बोट लावून पाहा," एवढे एक वाक्य सांगून मी कितीतरी बायकांना औषधाविना परत पाठवले आहे. कोणते बोट सर्वांत चांगले उमटते हे शोधण्याची सोय आधारच्या व्यवस्थेतही आहे. ते बोट एकदा कळले की मी केसपेपरवर लिहून ठेवतो आणि रुग्णालाही त्यावर खूण करून दाखवतो.

चिकित्सेविषयी फार नवे सांगण्यासारखे नाही. चरकाचार्यांनी क्षुद्रकुष्ठांत सांगितलेली विपादिका हात-पाय फुटणे आणि तीव्र वेदना यांनी ओळखावी. वात व रूक्षता यांचे प्राधान्य लक्षात घेऊन स्नेहन करावे. कुष्ठचिकित्सेतील जीवंत्यादी यमक या ठिकाणी उत्तम काम करते. मात्र त्यात तुत्थ असते, आणि आमचा रुग्ण हातानेच भात कालवून खाणारा, हे विसरू नये. उघड्या भेगांवर ते लावू नये, रात्रीच लावावे आणि सकाळी हात स्वच्छ धुण्यास बजावावे. साध्या झिजेसाठी मी सिक्थतैलच पसंत करतो. रात्री कोमट पाण्यात हात पाच मिनिटे ठेवून, कोरडे करून ते चोळावे आणि वर जुने सुती कापड गुंडाळावे. त्वचेचा वरचा थर नवा यायला साधारण चार आठवडे लागतात. महिनाभर पाण्यात हात घालू नका, हे पथ्य रोवण्याच्या दिवसांत सांगणे म्हणजे मजुरी सोडा असे सांगणे होय. ते मी सांगत नाही. ज्या दिवशी दुकानात जायचे त्या सकाळी तेल किंवा मलम लावू नये, बेसनाने बोटे धुऊन पुसावीत. फारच कोरडे असेल तर बोट एकवार कपाळावर फिरवावे. ही शेवटची युक्ती मी एका राशन दुकानदाराकडून शिकलो.

आधारमधील ठसे नव्याने नोंदवायचे झाल्यास तेही रोवण्यात किंवा थंडीच्या भेगांत करू नये, अन्यथा बिघडलेलाच ठसा नोंदवला जातो. चिकित्सा करून, फाल्गुनाच्या सुमारास, तेंदूपानाचा हंगाम लागण्याआधी पाठवावे असा माझा प्रघात आहे.

औषधी दुकानदार बंधूंना येथे एक कळकळीची विनंती आहे. हात फुटले म्हणून आलेल्या बाईला काउंटरवरून स्टेरॉइडयुक्त मलमाची नळी देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. आठ दिवसांत खाज थांबते, गिऱ्हाईक खूश होते आणि नळी मागायला पुन्हा येते. दीर्घकाळ लावल्याने त्वचा मात्र पातळ होत जाते. म्हणजे जी रेषा आपल्याला परत आणायची आहे तिच्याच मुळावर आपण येतो. २०१८ साली केंद्र शासनाने अशा कित्येक मलमांना अनुसूची 'एच'मध्ये घातले, म्हणजे ती चिठ्ठीविना द्यायची नाहीत. हाताला वारंवार सॅनिटायझर लावण्याची सवयही या लोकांनी सोडलेली बरी. आधीच कोरडी असलेली त्वचा त्याने आणखी सुकते.

आता माझी चूक सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी पन्नाशीची एक बाई अशीच बोटाची तक्रार घेऊन आली. दोन महिने तिचे बोट उमटले नव्हते. ओटीपी मागवावा तर जोडलेला क्रमांक हैदराबादला कामाला असलेल्या मुलाचा. तो क्रमांक त्याने केव्हाच बदललेला. मी हात पाहिले, भेगा दिसल्या, विपादिका असे लिहून सिक्थतैल दिले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा उजव्या करंगळीवर भाजल्याचा फोड होता. कसे भाजले म्हणून विचारले, तर तिला माहीत नव्हते. चुलीवरचा गंज फडक्याविना उतरवला असेल, म्हणाली. मी तेथेच थांबलो. कापसाचा पुंजका घेऊन, तिला डोळे मिटायला सांगून, करंगळीपासून कोपरापर्यंत स्पर्श करून पाहिला. करंगळी, अनामिकेची एक बाजू आणि मनगटाखालील एक फिकट चट्टा या ठिकाणी तिला काहीच कळले नाही. कोपरामागची शीर दोरीसारखी जाड लागत होती.

अस्पर्शज्ञता हे कुष्ठाचे पूर्वरूप म्हणून आपण पहिल्या वर्गापासून पाठ केलेले आहे. सुश्रुतांनी कुष्ठाचे अधिष्ठान म्हणून सांगितलेल्या त्वचेचे नावही वेदिनी आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशाने राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी हे कुष्ठनिर्मूलनाचे प्रमाण गाठले, हे खरे. परंतु आमच्या पूर्व विदर्भात नवे रुग्ण अद्याप सापडतात, हेही मला ठाऊक होते. आणि तरीही, तक्रार यंत्राची आहे म्हणून मी हाताकडे यंत्राच्याच नजरेने पाहिले. ते तीन आठवडे माझ्या नावावर आहेत.

तिला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. निदान पक्के झाले आणि शासनाकडून विनामूल्य मिळणारी बहुविध औषधे सुरू झाली. तेव्हापासून बोट न उमटणाऱ्या प्रत्येक रुग्णाची स्पर्शपरीक्षा केल्याशिवाय मी तेलाची बाटली हातात देत नाही. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. मधुमेह आहे का आणि कर्करोगाची गोळी चालू आहे का, हेही विचारतो. कॅपेसिटाबिन या औषधाने तळहात-तळपायांची साले निघून ठसे जाऊ शकतात. सिंगापूरच्या अशा एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसे न मिळाल्याने अडवून ठेवले होते. तो वृत्तांत २००९ साली कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चिकित्सेने ठसा येईल तेव्हा येईल, पण दरम्यान घरी चूल पेटली पाहिजे. म्हणून वैद्याला नियमही थोडे माहीत असावेत. शिधापत्रिकेवरील कुटुंबातील कोणाही व्यक्तीचे बोट चालते. २४ ऑक्टोबर २०१७ च्या आधार प्राधिकरणाच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे, की बोट उमटत नसेल तर डोळ्याच्या बुबुळाचा किंवा ओटीपीचा मार्ग वापरावा, आणि तोही न जमल्यास अपवाद-नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा. ठसा जुळत नाही एवढ्या कारणाने कोणास परत पाठवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही अशा कारणाने लाभ नाकारला जाऊ नये, ही भूमिका आहे. निवृत्तिवेतनधारकांसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरूनही देता येतो. आमच्याकडील एक निवृत्त गुरुजी दरवर्षी नोव्हेंबरात बोटे चोळत बसत. आता नातवाच्या मोबाइलसमोर डोळे मिचकावून मोकळे होतात.

हे परिपत्रक मी छापून दवाखान्यात ठेवले आहे. रुग्ण परत पाठवला गेला असेल तर त्याची एक प्रत आणि माझ्या लेटरहेडवर दोन ओळी (त्वचाविकारामुळे ठसे अस्पष्ट, चिकित्सा चालू) देतो. त्या दोन ओळींना कायद्याने किती वजन आहे हा प्रश्न वेगळा. पण कागद पाहिला की पलीकडचा माणूस वही उघडतो, असा अनुभव आहे.

त्या बाईची औषधे बारा महिने चालली आणि पूर्ण झाली. करंगळीची संवेदना परतली नाही, चट्टा मात्र फिका होत गेला. राशन आता सुनेच्या बोटावर येते. गेल्या रोवण्यात ती पुन्हा दवाखान्यात आली होती. या वेळी शेजारणीला घेऊन आली होती आणि मी काही विचारण्याआधीच तिला म्हणाली, "डोरे मीट आन् हात पुढं कर."